दुसऱ्यानं काढलेला फोटो फ्रेम करून विकायचाय, फोटोवाल्याला काय द्यायचं आणि काय लिहून घ्यायचं?

शहापूर_फ्रेमवाला
नमस्कार मंडळी. आमचं बेळगावच्या शहापुरात फ्रेमचं दुकान आहे, वडिलांच्या वेळेपासनं. देवाचे फोटो, लग्नाचे, घरातल्या गेलेल्या माणसांचे, पोरांची सर्टिफिकेटं, हेच आमचं काम. आता झालंय असं की जांबोटी रोडला एकांनी होमस्टे काढलाय, आठ खोल्या, आणि प्रत्येक खोलीत आपल्या भागाचाच फोटो पाहिजे म्हणतात. राजहंसगड, गोकाकचा धबधबा, हलशीचं देऊळ, चोर्ल्याचं धुकं. वर असंही म्हणालेत की पाहुण्याला आवडली तर तीच फ्रेम विकत घेता यावी, मागं किंमत लिहून ठेवा, गेली की दुसरी लावा. म्हणजे आठ फ्रेम देऊन विषय संपत नाही, चालू धंदा होतोय.

पट्टी, काच, कारागिरी माझ्याकडं आहे, फोटो नाहीत. इंस्टाग्रामवर ढीग आहे. एका पोराला मेसेज केला तर तो म्हणाला लायसन्स घ्या, आणि किती रुपये विचारलं तर त्यालाही सांगता येईना. मला कुणाचं चोरून करायचं नाही. पण एकदाच पैसे द्यायचे की दर फ्रेममागं, आणि कागद कसा करायचा, हे कुणी केलंय का?

निपाणीचा_नाना
विचारून करायलास हेच लई झालं. आमच्याकडं गुगलवरनं काढून, छापून, काच लावून सर्रास विकायलेत.

घटप्रभा_काठ
दादा एवढं कशाला डोक्याला लावून घेताय. अनस्प्लॅश, पेक्सेल्स, पिक्साबे, फुकट फोटो आहेत की. कमर्शियल चालतं असं लिहिलंय तिथंच. डाउनलोड करा, प्रिंट मारा.

मलप्रभा
@घटप्रभा_काठ थांबा ओ, तिथंच सगळे फसतात. मी दहा-बारा वर्षं फोटो काढतेय म्हणून सांगते. कमर्शियल चालतं म्हणजे वेबसाइटवर, जाहिरातीत, पुस्तकाच्या आत वापरता येतं. पण फोटो आहे तसा छापून पोस्टर किंवा फ्रेम म्हणून विकायचा नाही, हे या तिन्ही साइटच्या अटीत आहे. अनस्प्लॅश म्हणतं मोठा बदल केल्याशिवाय विकू नका, पेक्सेल्स पोस्टर आणि प्रिंटचं नाव घेऊनच सांगतं, पिक्साबेचंही तसंच. फ्रेमवाल्याचा तर सगळा मालच म्हणजे आहे तसा फोटो.

विकतच्या साइटवरही हाच घोटाळा होतो. शटरस्टॉक, अडोबी स्टॉक, आयस्टॉक यांचं साधं लायसन्स घेऊन लोक म्हणतात आम्ही पैसे भरलेत. पण ज्या वस्तूत फोटो हाच मुख्य माल आहे ती विकायला साधं चालत नाही, वरच्या दर्जाचं घ्यावं लागतं, कुणी त्याला एक्स्टेंडेड म्हणतं कुणी एन्हान्स्ड, आणि ते बरंच महाग असतं. विकिमीडियावरचे काही चालतात, पण प्रत्येक फोटोखालची अट वाचायची. एनसी, म्हणजे नॉन-कमर्शियल, लिहिलेलं असेल तर विकायचा नाही. बीवाय-एसए (नाव द्या, बदल केला तर त्याच अटीवर द्या) असेल तर विकता येतो, पण काढणाऱ्याचं नाव आणि लायसन्सचं नाव द्यावं लागतं.

आणि मुख्य म्हणजे तिथं हलशी कुठं मिळणार तुम्हाला? स्वित्झर्लंडचा डोंगर मिळेल.

घटप्रभा_काठ
मला हे माहीत नव्हतं, खरंच. माझ्या भावाच्या हॉटेलात तसेच चार लावलेत.

मलप्रभा
स्वतःच्या भिंतीवर लावायला हरकत नाही. विकायचे नाहीत, एवढंच.

टिळकवाडी_वकील
मूळ प्रश्नाकडे येतो. ही सर्वसाधारण माहिती समजा, कागद करताना जवळच्या वकिलाला दाखवा.

आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. फोटो ज्याने काढला त्याचा हक्क, नोंदणी असो वा नसो. नोंदणी करायची असेल तर एका कलाकृतीला ५०० रुपये फी आहे, पण त्यावाचून हक्क अडत नाही. पूर्वी फोटोची मुदत प्रसिद्ध झाल्यापासून मोजत. २०१२ च्या दुरुस्तीने ते कलम काढलं, आता फोटोग्राफरचं आयुष्य आणि पुढे ६० वर्षं. म्हणजे इंस्टाग्रामवरचा कुठलाही फोटो तुमच्या-माझ्या हयातीत मोकळा होणार नाही असंच धरून चाला.

तुम्हाला हक्क विकत घ्यायची गरज नाही, परवाना पुरे. मालकी त्याच्याकडेच राहते, तुम्हाला छापून विकायची मुभा मिळते. ही मुभा लेखी पाहिजे. "दादा वापरा की" एवढ्या मेसेजवर धंदा उभा करू नका. कागदात कुठला फोटो, कुठल्या कामासाठी, किती वर्षं, कुठल्या भागात आणि मोबदला किती, हे यायलाच हवं. वर्षं लिहिली नाहीत तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. हक्क घेऊन वर्षभर वापरलाच नाही आणि कागदात त्याबद्दल काही म्हटलेलं नसेल, तर तो संपतो. बरेच जण फाइल घेऊन ठेवतात आणि दोन वर्षांनी छापायला काढतात, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

न विचारता विकलं तर सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड, असं कलम ६३ आहे.

वडगावची_सुमा
वकील काका, मधेच विचारते. माझ्या लग्नाचा फोटो एका स्टुडिओनं मोठा करून काचेत लावला होता, तीन वर्षं. सासूबाई बाजाराला निघाल्या की दर वेळी तिथं थांबून बघून यायच्या आणि घरी येऊन बोलायच्या. तो फोटो कुणाचा म्हणायचा मग, आमचा की त्यांचा?

टिळकवाडी_वकील
सुमाताई, तुमचा. पैसे देऊन, सांगून काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक काढून घेणारा असतो, उलट काही ठरलं नसेल तर. कलम १७. लग्नाचे, बारशाचे, दुकानाच्या उद्घाटनाचे, सगळे यात आले. स्टुडिओने बिलाच्या मागे वेगळी अट छापली असेल तर ती बघावी लागते.

फ्रेमवाल्यांनी हा मुद्दा उलट बाजूने लक्षात ठेवावा. समजा एखाद्याने रिसॉर्टसाठी पैसे घेऊन धबधब्याचे फोटो काढले आणि तेच आता तुम्हाला देतो म्हणाला, तर बहुधा ते त्याचे राहिलेले नाहीत, रिसॉर्टचे आहेत. पगारी नोकरीत काढलेले मालकाचे. म्हणून "हा फोटो माझाच आहे, दुसऱ्या कुणाला दिलेला नाही" हे वाक्य कागदात लिहून घ्या.

वडगावची_सुमा
आजच सासूबाईंना वाचून दाखवते.

शहापूर_फ्रेमवाला
वकील साहेब, आता भीती वाटायला लागली. आम्ही ती दिव्याची बाई, राजा रविवर्म्याची, हातात समई धरलेली, बोटांच्या फटीतनं उजेड येतोय ती, तीस वर्षं विकायलोय. नव्या घरात देतात ना वास्तुशांतीला.

सावंतवाडी_ते_सांबरा
ते चित्र रविवर्म्याचं नाही ओ! प्रत्येक फ्रेमच्या दुकानात हेच ऐकतो आणि प्रत्येक वेळी सांगतो. सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचं आहे, आमच्या सावंतवाडीचे. जलरंगातलं काम, तेलरंग नव्हे, आणि मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये लावलंय. अंधारात त्या बाईच्या तोंडावर आणि बोटांच्या कडांवर जो तांबूस उजेड आहे तो पाण्याच्या रंगात उतरवलाय, हे जवळ जाऊन बघितल्याशिवाय पटत नाही. मी दोनदा गेलोय त्याच्यासाठी. मराठी माणसाचं चित्र म्हैसूरला मानानं लागलंय आणि आपल्याच गल्लीत त्याचं नाव कुणाला ठाऊक नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

टिळकवाडी_वकील
आणि कायद्याच्या दृष्टीने फरक मोठा आहे. रविवर्मा १९०६ मध्ये गेले, त्यांची चित्रं केव्हाच मोकळी. हळदणकर गेले १९६८ मध्ये. ६० वर्षं मिळवा, २०२८ अखेरपर्यंत हक्क चालू.

पण फ्रेमवाले, घाबरू नका. तुम्ही स्वतः छापता का, की छापील चित्र विकत आणून फ्रेम करता?

शहापूर_फ्रेमवाला
छापील येतात, मुंबईहून, गठ्ठ्यानं.

टिळकवाडी_वकील
मग त्या छापणाऱ्याने परवानगी घेतली आहे का ते त्याच्याकडून बिलावर लिहून घ्या. रीतसर छापलेली, एकदा बाजारात आलेली प्रत विकत घेऊन तिला चौकट लावून पुन्हा विकणं म्हणजे नवी प्रत काढणं नव्हे, त्याला वेगळा परवाना लागत नाही. कॅलेंडरचं पान कापून फ्रेम केलं तरी तेच. स्कॅन करून दुसरी प्रत काढली की मात्र परवाना लागला.

घटप्रभा_काठ
म्हणजे फोटोग्राफरनंच प्रिंट मारून दिली, आणि दादांनी ती विकत घेऊन फ्रेम लावून विकली, तर सगळा प्रश्नच मिटला?

टिळकवाडी_वकील
बरोबर पकडलंत. लहान धंद्याला ती वाट सगळ्यात सोपी.

मलप्रभा
मलाही तीच आवडते. कारण प्रिंट माझ्या हाताखालनं जाते. फाइल दिली की पुढं कुठल्या कागदावर, कुठल्या मशीनवर, रंग हिरवा झाला की निळा, काही हातात राहत नाही, आणि खाली नाव माझं. किती विकल्या हा हिशेबही आपोआप राहतो, मी जेवढ्या दिल्या तेवढ्याच.

खानापूरचा_सचिन
मी त्या पोरांपैकी आहे ज्यांना रेट सांगता येत नाही. नोकरी उद्यमबागला, रविवारी कॅमेरा घेऊन बाहेर. मागच्या पावसाळ्याच्या आधीची गोष्ट सांगतो. म्हादईवरचा वज्रपोहा धबधबा मी चार वर्षं काढायलोय, दर वर्षी कधी पाणी कमी, कधी धुक्यात काहीच नाही दिसलं, जळवा लागून परत. चौथ्या वर्षी एक फोटो मिळाला, सकाळी साडेसात, उजेड फक्त वरच्या कड्यावर. नेटवर टाकला. दोन महिन्यांत तो एका रिसॉर्टच्या फ्लेक्सवर दिसला, मग एका फर्निचरच्या दुकानात कॅनव्हास करून लावलेला, किमतीच्या चिठ्ठीसकट. कोपऱ्यातलं माझं नाव कापलेलं. मी आत जाऊन म्हटलं हा फोटो माझा आहे, तर मालक म्हणाला, अरे वा, छान काढलायस. त्याला खरंच वाटत होतं की तो माझं कौतुक करायलाय.

पैशापेक्षा ते नाव कापलेलं फार लागलं. म्हणून शहापूरच्या दादांनी इथं येऊन विचारलं हे वाचून बरं वाटलं. तुम्हाला गोकाक पाहिजे असेल तर माझ्याकडं आहे, ऑगस्टमधला, झुलत्या पुलावरनं.

टिळकवाडी_वकील
सचिन, नाव लावून घ्यायचा हक्क कलम ५७ मध्ये वेगळा दिलेला आहे. फोटोचा हक्क उद्या पूर्ण विकलास तरी "हा मी काढला" म्हणायचा हक्क तुझ्याकडेच राहतो. त्या फोटोची मूळ कॅमेऱ्यातली फाइल जपून ठेव, पुरावा तोच.

शहापूर_फ्रेमवाला
सचिन, गोकाकचा पाठव की. नाव माउंटवर, म्हणजे फोटोभोवतीच्या पुठ्ठ्यावर, खाली पेन्सिलनं लिहूया, तुझ्याच हातानं.

खानापूरचा_सचिन
पाठवला, व्हॉट्सअपवर.

मलप्रभा
व्हॉट्सअपवर नको रे! तिथं फोटो दाबून बारीक होतो. बघण्यापुरता ठीक आहे, छापायला मूळ फाइल पेनड्राइव्हवर दे. दादा, हिशेब साधा आहे, जवळून बघायच्या फ्रेमला इंचाला ३०० ठिपके. १२ बाय १८ ला ३६०० बाय ५४०० पिक्सेल पाहिजेत. सचिनच्या २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातनं ते आरामात निघतं. २४ बाय ३६ ला तेवढीच फाइल १५० वर येते, सोफ्याच्या वर लावून लांबनं बघायला चालते. इंस्टाग्रामवरनं उतरवलेला १०८० पिक्सेलचा फोटो साडेतीन इंचांच्या पुढं नेला की फाटायला लागतो. चोरणाऱ्याला कॅनव्हासवर तो एवढा मोठा करावासा वाटतो तरी कसा, मला कळत नाही.

कणकुंबी_पाऊस
फोटोचं बोलताय, फ्रेमचंही बोला. जांबोटीकडं आमच्या भागात चार महिने भिंतीला ओल असते. काचेला फोटो टेकला की चिकटतो, मग बुरशीचे पांढरे डाग. आमच्या घरातला आजोबांचा फोटो असाच गेला, काचेवरनं काढताना अर्धा चेहरा काचेवरच राहिला. दुसरा नाही त्यांचा.

शहापूर_फ्रेमवाला
फार वाईट झालं. असा फोटो काचेसकटच आणायचा असतो, सोडवायचा नाही, काचेवर आहे तसाच त्याचा फोटो काढून घ्यायचा. पुढं कुणाचा असेल तर माझ्याकडं या, पैसे घेणार नाही.

जांबोटीच्या कामाला मी माउंट घालणारच आहे. माउंटबोर्डाची जाडी काच आणि फोटोच्या मधे राहते, हवा खेळते. मागं एमडीएफ (लाकडी भुशाचा बोर्ड) ओल पितं, तिथं सनबोर्ड (प्लॅस्टिक फोमचा) घालणार आणि कडेनं टेप. खालच्या दोन कोपऱ्यांना रबराचे बूच, भिंतीपासनं बोटभर लांब. माउंटमुळं खर्च वाढतो, तोही सांगतो. १२ बाय १८ ला दोन्हीकडनं दोन-दोन इंच माउंट सोडला की चौकट १६ बाय २२ ची होते, घेर ७६ इंच. पंचेचाळीस अंशात कोपरे कापताना वाया जाणारं धरून सात फूट पट्टी जाते. माउंट नसता तर साडेपाच फुटांत भागलं असतं. गिऱ्हाईक म्हणतं फोटो तेवढाच आहे की!

निपाणीचा_नाना
रेटचं कुणी बोलंना अजून. फिरून फिरून भोपळे चौकात.

पणजीत_बेळगावकर
मी बोलतो. इकडे आमच्या मित्राबरोबर मी चार वर्षं हे करतोय, तो काढतो, मी विकतो. पहिल्या वर्षी एका फोटोला एकरकमी पैसे दिले. त्यातला एक फोटो इतका चालला की पन्नासच्या वर फ्रेम गेल्या आणि तो बिचारा गप्प, मलाच झोप लागेना. दुसऱ्या वर्षी दर फ्रेममागं टक्का ठरवला. तर भांडण टक्क्यावरनं नाही, कशाचा टक्का यावरनं झालं. सागवानी पट्टी आणि साधी सिंथेटिक पट्टी यांच्यात किमतीचा दुपटीचा फरक, आणि त्या सागवानात फोटोवाल्याचं काय? तो म्हणाला फोटो नसता तर तुझं सागवान कुणी घेतलं असतं. दोघांचंही बरोबर.

शेवटी पट्टीचा विषयच सोडला. साइजप्रमाणे ठरावीक रुपये, फ्रेम कुठलीही असो. लहानाला एवढे, मध्यमाला एवढे, मोठ्याला एवढे. सुरुवातीला दहा फ्रेमचे पैसे आगाऊ, ते परत मागायचे नाहीत. प्रत्येक फ्रेमच्या मागं नंबर, त्याची एक वही, दर तीन महिन्यांनी वही समोर ठेवून हिशेब. वही असली की मैत्री टिकते. आकडा इथं टाकत नाही, कारण लोक तोच धरून बसतील आणि पणजीचा भाव शहापुरात चालत नाही.

खानापूरचा_सचिन
मला हे पटलं. आणि एक विचारतो, हाच फोटो मी दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही का?

पणजीत_बेळगावकर
मोकळा ठेवायचा असेल तर ठेव. फ्रेमवाल्याला एकट्यालाच पाहिजे असेल तर त्यानं जास्त मोजावं, आणि तेही किती काळ आणि किती गावांत ते लिहून. मी फक्त गोव्यापुरता आणि दोन वर्षं एवढाच बांधून घेतला.

हुक्केरीची_ताई
माणसांच्या फोटोचं काय? खानापूरच्या बाजारात बसणाऱ्या एका आजीचा फोटो, सुरकुत्यांचा, फार गाजला होता. एका हॉटेलात तो विकायला लावलेला तिच्या नातवानं बघितला. आजी म्हणाली, माझं तोंड कितीला दिलं? सगळ्यांना हसू आलं, मला नाही आलं.

मलप्रभा
ताई, मी माणसांचे चेहरे विकायला देत नाही, लेखी हो असल्याशिवाय. कॉपीराइट माझा, पण चेहरा तिचा. सौंदत्तीच्या जत्रेत भंडाऱ्यात न्हालेली माणसं किती सुंदर दिसतात, माझ्याकडं शेकडो आहेत, एकही फ्रेमला दिला नाही. परत जाऊन शोधून विचारायचं, सही किंवा अंगठा घ्यायचा, प्रिंट द्यायची आणि विक्रीतला वाटा द्यायचा. ते जमणार नसेल तर डोंगर, देऊळ, पाऊस काढा.

टिळकवाडी_वकील
कायद्यानेही तेच शहाणपणाचं. देवळांची अडचण नाही, इमारतीचा फोटो काढून छापणं कायद्याला मान्य आहे. बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्तीसारख्या संरक्षित स्मारकात मात्र स्टँड लावायचा तर पुरातत्त्व खात्याची परवानगी काढा.

निपाणीचा_नाना
आणि माझ्याकडनं एक, कारण मी रोज भोगतो. माल कोगनोळी नाका ओलांडून कागल-कोल्हापूरला विकायचा म्हटलं की राज्य बदललं. दुसऱ्या राज्यात माल विकणाऱ्याला उलाढाल कितीही लहान असली तरी जीएसटी नंबर लागतो, ४० लाखांची सूट कर्नाटकातल्या कर्नाटकात. कोल्हापूर मला बेळगावपेक्षा जवळ, पण कागदानं परमुलूख. कुरियरनं पाठवायच्या आधी सीएला विचार.

घटप्रभा_काठ
फ्रेमखाली नाव कन्नडात की मराठीत?

शहापूर_फ्रेमवाला
दोन्हीत. गिऱ्हाईक दोन्हीकडचं आहे.

शहापूर_फ्रेमवाला
मंडळी, तीन आठवड्यांनी परत आलो. सांगायचं राहिलं असं नको म्हणून लिहितो.

सचिनचा गोकाक, मलप्रभाताईंचे चोर्ला आणि राजहंसगड घेतले. हलशीचा फोटो एका शाळामास्तरांकडं मिळाला, ते कन्नड बोलणारे, त्यामुळं कागद कन्नडात आणि मराठीत समोरासमोर लिहिला, दोघांनी दोन्हीकडं सह्या केल्या. वकील साहेबांनी नजर टाकली. दोन वर्षं, बेळगाव जिल्हा, तीनच साइज, फ्रेम सोडून दुसरीकडं वापरायचा नाही, मग्ग नाही, कॅलेंडर नाही, दुकानाच्या फ्लेक्सवरही नाही. प्रिंट ते मारून देणार, मी साइजप्रमाणे ठरलेले रुपये प्रिंट हातात आल्यावर लगेच देणार. मुदत संपल्यावर दुकानात उरलेल्या फ्रेम विकून टाकायला तीन महिने. मास्तर पैसे घ्यायलाच तयार नव्हते, देवळाचा फोटो आहे म्हणाले. मी म्हटलं मग तुमच्या वाटणीचे शाळेच्या लायब्ररीला देतो, पण वहीत लिहिणार. त्यावर तयार झाले.

वही केली. पहिल्या आठ फ्रेम गेल्या सोमवारी लागल्या. दिव्याच्या बाईच्या मागं आता हळदणकरांचं नाव लिहून चिकटवायलोय, आणि मुंबईच्या व्यापाऱ्याला परवानगीचं पत्र मागितलंय, ते येईपर्यंत नवा गठ्ठा मागवलेला नाही.

सावंतवाडी_ते_सांबरा
दुकान कुठल्या गल्लीत ते सांगा. येतो.

वडगावची_सुमा
सासूबाईंनी स्टुडिओतनं फोटो आणला. मोठा आहे, २० बाय ३०, आणि काचेला खालच्या बाजूला चिकटलाय. कसा आणू तुमच्याकडं?

शहापूर_फ्रेमवाला
काच सोडवू नका सुमाताई. चादरीत गुंडाळून, उभा धरून, रिक्षानं आणा. सकाळी दहानंतर मी असतो.